खांबावरून दिसलेली बाई

भात कापून झालं की शेतात जे खाली पडतं ते आपलं नसतं, हे मला सासूबाईंनी शिकवलं. मी भिसेगावची, म्हणजे कर्जत शहरातली. भात मी ताटात वाढलेलाच पाहिलेला. पोशीरच्या पुढच्या या गावात लग्न होऊन आले आणि पहिल्याच कापणीला बांधालगत पडलेल्या लोंब्या उचलायला वाकले. नव्या सुनेला हुशारी दाखवायची होती, दुसरं काय! सासूबाई केवढ्यांदा ओरडल्या, "ठेव गं ती खाली. ती वाडीवाल्यांची हायत."

डोंगराच्या पायथ्याला आदिवासी वाडी आहे. कापणी होऊन भारे खळ्यावर आले की आमच्या घरातून तिकडे निरोप जायचा, शेत मोकळं झालं. मग तिथल्या बायका येऊन सरवा वेचायच्या, म्हणजे मागे राहिलेल्या, गळलेल्या लोंब्या एकेक करून उचलायच्या. शिवाय बांधातली उंदरांची बिळं पहारीने उकरायच्या. उंदीर हा मोठा संसारी प्राणी, हिवाळ्याची बेगमी करून ठेवतो. एखाद्या बिळातून चांगलं सूपभर भात निघतं. ते भात त्यांचं आणि उंदीरही त्यांचे. ते भाजून खातात. शेतकऱ्याचं काहीच जात नाही, उलट बांध पोखरणारा कमी होतो. निरोप गेल्याशिवाय वाडीवरचं कुणी शेतात पाय घालत नसे आणि निरोप गेल्यावर गावातलं कुणी काही विचारत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं होतं.

आमच्या शेतात यायची ती बाई मी सून म्हणून येण्याच्या आधीपासून या घराची होती. पावसात चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, थंडीत करांद्यांचे कंद, मधूनच फाट्यांची मोळी घेऊन यायची. मला वहिनी म्हणायची, मी तिला बाय म्हणायचे. वयाने माझ्याहून मोठी, अंगाने माझ्या निम्मी आणि तोंडाने ती कसर भरून काढणारी. करांद्यांचा भाव पाडायला गेलं की म्हणायची, "वहिनी, तुमी जावा डोंगरात खनायला, मी बसतंय तुमच्या ओटीवर." माझी जीभही काही कमी नाही. आमचं जमलं ते त्यामुळेच असावं.

तिचा मुलगा आणि सून दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. वाडीतली बहुतेक घरं अशीच. पोरं आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते ती सुटतेच. हिने मात्र नातीला मागे ठेवून घेतलं होतं. नात चौथीत होती आणि त्यांच्या घरात चौथीपर्यंत कुणी टिकलं नव्हतं. आजी-नात दोघीच झोपडीत राहायच्या. दोघींचं पोट भरायचं ते सरव्याच्या आणि बिळांच्या भातावर. ते मिळालं तर पोरगी शाळेत, नाही मिळालं तर दोघी भट्टीवर. यात तिसरी वाट नव्हती आणि ती हे बोलूनही दाखवायची.

आता गावाच्या भीतीबद्दल. आमच्या गावाला भीती माहीत नव्हती असं नाही. सापाची होती, नदीच्या पाण्याची होती, कुणाच्या मुलीने पळून जाऊन लग्न करण्याची तर फारच होती. पण माणसाची भीती आम्हाला शिकवावी लागली. नदीकाठचे पाण्याचे पंप चोरीला गेले, एका बंद फार्महाउसमधून गॅसची टाकी गेली. चोऱ्या झाल्या हे खरंच. पंप सोडवायला पाने लागतात, न्यायला टेंपो लागतो आणि विकायला भंगारवाल्याची ओळख लागते, हे न कळण्याइतकं गाव दूधखुळं नाही. तरी फोनवर कुठकुठचे व्हिडिओ येऊ लागले. परमुलखातल्या कुणाला तरी झाडाला बांधलेलं आणि खाली लिहिलेलं, मुलं पळवणारी टोळी आली आहे, पुढे पाठवा. पुढे पाठवण्यात आमचं गाव मागे राहिलं नाही.

माझा धाकटा दीर जमिनीचे व्यवहार करतो, मुंबईवाल्यांना प्लॉट दाखवतो. त्याला सरपंच व्हायचं होतं आणि निवडणूक जवळ आली होती. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या आजारपणात स्वतःची कामं टाकून तो मला दवाखान्यात घेऊन बसला होता. पण लोकांच्या मनात काय चाललंय ते त्याला वासावरून कळतं, आणि जे कळलं त्याला खतपाणी कसं घालायचं तेही कळतं. गावात कॅमेरे त्यानेच आणले, एका प्लॉटवाल्याला गळ घालून. एक देवळापाशी, एक नाक्यावर आणि एक शेतांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खांबावर. चित्र पंचायतीतल्या पडद्यावर दिसायचं आणि त्याच्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवरही. ज्यांनी जन्मात स्वतःची गुरं कुठे चरताहेत ते पाहिलं नाही, ते दिवसभर गाव पाहत बसू लागले.

मीही दिराच्या फोनवर पाहिलं. खांबावरून माणसाचं तोंड दिसत नाही, टाळू दिसते. लुगड्याचा रंग जातो. पहाटेच्या धुक्यात तर चालणारा प्रत्येक जण दबकत चालल्यासारखा वाटतो. एकदा पडद्यावर कुणीतरी डोकं झाकून, हातात विळा घेऊन वळणावर उभं दिसलं आणि सगळ्यांच्या फोनवर धावाधाव सुरू झाली. ती माझी जाऊ निघाली, याच दिराची बायको, गवत कापायला चाललेली. गाव पोट धरून हसलं. पुढे कितीतरी दिवस पोरं तिला "आली रं टोळी" म्हणून चिडवायची आणि तीही हसायची.

दिवाळीनंतर आमची कापणी उरकली. बाय करांदे घेऊन आली तेव्हा मीच तिला म्हटलं, "शेत मोकळं झालंय, उद्यापासून ये." सासूबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "नदीकडच्या बांधाला लय बिळं झाल्यात गं. पहार आन येताना."

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याची पहिली पाळी होती. तो साजगावच्या एका कारखान्यात आहे, अंधारातच निघतो. त्याला भाकरी बांधून दिली, चुलीवर पाणी ठेवलं आणि मग फोन हातात घेतला. गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आलेला: धुरकट पडद्यावर एक आकृती वाकते, उठते, हातातलं काहीतरी लांबलचक जमिनीत मारते, परत वाकते. पाठीला गोण. बाजूला एक लहान आकृती. खाली लिहिलेलं, 'हत्यारबंद टोळी शेतात. सोबत पळवलेलं मूल. जमा व्हा.' मला ती गोण ओळखता आली नसती. पण तो बांध माझा होता, तो मी ओळखला. चुलीवरचं पाणी तसंच टाकून मी धावत सुटले.

तोवर तिला शेतातून धरून देवळासमोर आणलं होतं. आजूबाजूला मोटारसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या. ती मातीत बसलेली, केस सुटलेले, एक गाल सुजून वर आलेला. नात तिच्या पाठीला चिकटलेली. पहार कुणीतरी पुरावा म्हणून उंच धरली होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत एकाने गोण उलटी केली. चिखलाने माखलेल्या लोंब्या पडल्या, बिळातलं मातकट भात पडलं आणि शेपटीला सुतळी बांधलेले मेलेले उंदीर पडले.

मग कुणीतरी हसलं आणि हसण्याची लाटच आली. ते ओसरलं तशी नाकावर हात गेले, "शी, शी, उंदीर खातात." हीच माणसं श्रावणाच्या आधी चिंबोऱ्यांच्या नांग्या चोखून चोखून खातात. मोबाइल तर सगळ्यांचेच वर होते. मी ते पाहत होते आणि मला कळत होतं की आता इथे कुणालाही भीती राहिलेली नाही. टोळी नाही, हत्यार नाही, पळवलेलं मूल नाही. भीती गेली होती, पण बायला सोडावं असं कुणाला वाटत नव्हतं, कारण भीतीच्या जागी किळस येऊन बसली होती. मला भीतीपेक्षा तीच जास्त भयंकर वाटली.

"हिला मी बोलावलंय," मी ओरडले. "माझ्या शेतात. कुणी हात टाकला हिच्यावर?"

शेजारच्या आळीतला एक पोरगा, बायकोमुलं असलेला चांगला बाप्या, मला म्हणाला, "काकी, आमाला काय म्हाईत? क्यामेऱ्यात तशीच दिसली."

"गेल्या महिन्यात तुझ्याच ओटीवर बसून चहा प्याली ना रं ही?"

त्याने खाली वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. "आरं, ती ही व्हय!" म्हणाला. त्याला खरंच ओळखू आली नव्हती. मला वाटलं, आता हा लाजेल, निदान सांडलेलं भात भरू लागेल. तो मोटारसायकल सुरू करून निघून गेला, आणि त्याच्या मागे एकेक करून बाकीचेही गेले. भात मी आणि त्या पोरीने भरलं, खडी-मातीसकट. बायने नुसते सुटलेले केस बांधले. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिराने देवळात बैठक बोलावली. आमच्याकडे बैठकीत बायका मागच्या बाजूला बसून ऐकतात. मी उभी राहिले. निरोप मी दिला होता, सासूबाईंनी पहार आणायला सांगितली होती, बिळांचं भात वाडीवाल्यांचं असतं हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, सगळं सांगितलं. आणि म्हटलं, "माझी जाऊ विळा घेऊन दिसली तेव्हा तुमी हसलात. बाय पहार घेऊन दिसली तर तिला मारलंत. खांब तोच, पडदा तोच. मग फरक कशात होता तेवढं सांगा." जाऊ मान खाली घालून बसली. मला वाटलं, जिंकले मी.

मग दीर उठला. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. "वहिनी बोलल्या त्यात एक अक्षर खोटं नाय. त्या बाईची काय बी चूक नाय. पन मला एक सांगा, त्या सकाळी तुमाला भ्या वाटलं का नाय?"

"वाटलं," चारपाच जण म्हणाले.

"पोराबाळांच्या काळजीनं जीव घाबरा झाला का नाय?"

"झाला!" आता सगळे म्हणाले. मागून बायकाही म्हणाल्या.

"मंग? बाई खरी, तसं तुमचं भ्या बी खरंच ना? त्या भ्याला कोन वाली हाय का नाय?"

टाळ्या पडल्या. मी उभीच होते, मला बसायचंही सुचेना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, तर निदान संन्यासी निर्दोष होता हे कळल्यावर माणसं वरमतात असा माझा समज होता. इथे माझं सगळं मान्य झालं होतं आणि काहीच बदललं नव्हतं. आणखी कॅमेरे लावायचं ठरलं. वाडीवाल्यांनी चांगलं उजाडल्यावर, मोठ्या रस्त्यानेच यायचं, नाक्यावर कुणाकडे चाललोय ते सांगायचं आणि पहार-कोयता आणायचा नाही, हेही ठरलं. "त्यांच्याच भल्यासाठी," दीर म्हणाला, "परत कुनी हात टाकाय नको." भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी म्हण आहे. आमच्याकडे भित्यापुढे उमेदवार चालत होता.

घरी आले तर सासूबाई त्या सकाळचा व्हिडिओ परत परत पाहत होत्या. दिराने त्यांना फोनवर लावून दिलेला.

"आई, पहार आणायला तुमीच सांगितलीत की."

"व्हय गं, मीच सांगितली," त्या म्हणाल्या. "पर दिसली कशी ती, बघ तरी."

त्या नाटक करत नव्हत्या. दुपारी जेवून पडण्याची त्यांची जन्माची सवय, ती मोडली. मागच्या दाराकडे तोंड करून, मांडीवर कोयता घेऊन बसून राहायच्या आणि पान हललं तरी दचकायच्या. ज्या बाईने मला पडलेल्या लोंबीला हात लावू दिला नव्हता तीच ही बाई. मला त्यांची दया यायची आणि त्यांचा संतापही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

दीर भरघोस मतांनी निवडून आला. गुलाल आमच्या अंगणातच उधळला. माझ्या नवऱ्याने मत त्यालाच दिलं. "भाऊ हाय माझा," एवढंच त्याचं म्हणणं. मी कुणाला दिलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून मी अजून बोलणी खाते. बाय त्या सगळ्या दिवसांत गावात फिरकली नाही. वाडीतलं दुसरंही कुणी आलं नाही. सरवा शेतात तसाच पडून राहिला.

शेवटी तांदळाची गोण नवऱ्याच्या मोटारसायकलवर टाकून आम्ही वाडीवर गेलो. ती झोपडीच्या दारात बसली होती. गाल उतरला होता. गोण पाहून म्हणाली, "ठेवा. पोरीला लागंल." मग म्हणाली, "पर वहिनी, बिळातलं भात माझं व्हतं. हे तुमचं हाय."

मी म्हटलं, "तू परत ये. नाक्यावर मी स्वतः येऊन उभी राहीन. कुणाची छाती आहे तुला अडवायची?"

"रोज उभ्या ऱ्हाशीला?"

मी गोण दाराच्या आत सरकवली.

"मी चोरी केली असती ना वहिनी, तर पाय धरलं असतं, माफी मागितली असती, दंड भरला असता, आन सुटले असते. काय केलंच नाय, त्याची माफी कशी मागू? आन नाय मागितली तर सुटू कशी?"

मी विषय बदलायचा म्हणून नातीच्या शाळेचं विचारलं. ती जातच नव्हती. उंदरांचा तो व्हिडिओ शाळेतल्या पोरांच्या घरोघरी पोचला होता आणि ती वर्गात शिरली की पोरं उंदरासारखा चीं-चीं आवाज काढत. शाळेच्या बाईंनी दटावलं की तेवढ्यापुरती गप्प बसत. "मुकादमाचा टेंपो येनार हाय परत," बाय म्हणाली. "मुलगा-सून हायतच भट्टीवर. आमी दोघी बी जातंय." पोरगी आतच होती, बाहेर आली नाही. मी हाक मारली तरी आली नाही.

टेंपो गेला तो भर सकाळी, गावातूनच, मोठ्या रस्त्याने. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात तो आला आणि ते चित्र कुणीतरी सगळ्यांना पाठवलं. खाली कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. सरपंचांनीही जोडले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते चित्र मोठं करून पाहिलं. मागच्या हौद्यात बोचकी आणि माणसं दाटीवाटीने बसलेली. सगळ्यांची टाळूच दिसत होती. त्यातली बाय कोणती आणि तिची नात कोणती ते मला काही केल्या ओळखू येईना.

"गेली का गं वाडीवाली?" सासूबाईंनी विचारलं.

"गेली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. जेवल्या, कोयता जागेवर ठेवला, ओटीवर घोंगडी अंथरली आणि पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या. मी भांडी घासायला बसले तोवर त्यांना गाढ झोप लागली होती. इतक्या दिवसांची राहून गेलेली झोप ती. त्या म्हाताऱ्या जिवाच्या घोरण्याचा मला त्या दुपारी जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाच्या शिवीचाही कधी आला नव्हता.